वाडीने पारखलेला हेडफोन

हेडफोन ज्या डोक्यासाठी घ्यायचा ते एक डोकं सोडून वाडीतल्या बाकी सगळ्या डोक्यांवर तो चढवून बघायचा, ही कल्पना दत्ताराम तोंडवळकरांची. पुढे जे झालं त्यानंतर ती कल्पना दाजी गावकरांची होती असं ते सांगू लागले; पण दाजींनी आयुष्यात कधी कुठली कल्पना काढल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

मूळ गोष्ट साधी होती. दत्तारामांची एकुलती मुलगी अक्षया पुण्यात एका विमा कंपनीत कामाला होती. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि त्यांना गोड बोलून थंड करायचं, असं ते काम. हे काम घरी बसूनही होऊ शकतं असं कंपनीच्या ध्यानात आलं, तेव्हा अक्षयाने मालवणजवळच्या आपल्या घरून ते करायची परवानगी मागितली. तिच्या वरच्या नम्रता मॅडम म्हणाल्या, सोमवारी सकाळी घरून तासभर माझ्याशी बोल. तिथे शांतता असली, बोलणं नीट झालं, तर खुशाल गावाला राहा. नाहीतर गुरुवारी पुण्यात हजर हो.

कॉलेजसाठी म्हणून जी पोर घराबाहेर पडली ती पुढे गणपतीला आणि शिमग्याला तेवढी पाहुण्यासारखी यायची. आता ती कायमची घरी येणार म्हटल्यावर दत्तारामांनी माडीवरच्या खोलीला रंग दिला आणि खिडकीची करकरणारी बिजागरी बदलली. एवढं करूनही त्यांचं समाधान होईना. आपण अजून काहीतरी करायला हवं असं त्यांना सारखं वाटायचं. तेवढ्यात अक्षया फोनवर सहज बोलून गेली की कंपनीचा हेडफोन परत द्यावा लागेल, नवीन घ्यायला हवा. कान पूर्ण झाकणारा, स्वच्छ ऐकू येणारा, तासन् तास घातला तरी न दुखणारा आणि फार महाग नसलेला.

"ता माझ्याकडे लागला," दत्ताराम म्हणाले.

"बाबा, तू कित्याक तरास घेतंस? मी हंयसूनच घेवन येतंय."

"तू गाडयेत बसाचा काम कर. हेडफोनाचा मी बघतंय."

दत्ताराम पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. टेबल असो नाहीतर टाचणी, पारखून घेतल्याशिवाय त्यांनी कधी काही स्वीकारलं नव्हतं. ते तडक मालवणच्या बाजारात गुलजारच्या मोबाईलच्या दुकानात गेले. गुलजारने काळा, निळा आणि राखाडी असे तीन हेडफोन काचेवर मांडले आणि काळ्याचा बेस जबरदस्त आहे असं सांगितलं.

"बेस म्हणजे काय रे?"

गुलजारने डोकं खाजवलं. "बेस म्हणजे, भाऊनु, छातयेत धडधडता बघा, ता."

दत्तारामांनी मान डोलावली, पण मनात म्हटलं, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरला दाखवायचं, विकत कशाला घ्यायचं? निळ्यात म्हणे आवाज मोकळा होता आणि राखाडीत बंदिस्त. मोकळा बरा की बंदिस्त बरा, या प्रश्नावर गुलजार म्हणाला की ज्याचा त्याचा कान असतो. दुकानात रेडिओ चालू, बाहेर रिक्षावाले भांडतायत, अशात दत्तारामांना तिन्ही सारखेच वाटले. शेवटी गुलजारने त्यांच्या मनातलंच सुचवलं. आमच्या बाजारात साड्या जशा पसंतीसाठी घरी देतात, तसे हे न्या म्हणाला. "घरातल्यांका दाखवा. पसंत पडात तो ठेवा, बाकीचे हाडून देवा."

साड्या पसंतीला आल्या की चार शेजारणी जमतात, ही रीतच आहे. हेडफोन आले तेव्हा संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वाडी जमली. दत्तारामांनी बाजेवर पंचा अंथरून त्यावर तीन हेडफोन ठेवले आणि पहिला कुणी घालायचा म्हणून सहज इकडेतिकडे पाहिलं. तिथेच चुकलं.

"नवीन वस्तू वाडीत येता, तेवा पयलो मान खंयच्या घराचो?" दाजी गावकरांनी घसा साफ करून विचारलं.

दाजी म्हणजे वाडीचे पहिले मानकरी. होळीला पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा. दुसरा मान परबांचा. परबांतर्फे विनीत हजर होता, पणजीला नोकरी करणारा, तंत्रज्ञानातलं आपल्याला सगळं कळतं असं समजणारा.

"दाजीनु, ही पालखी न्हय," विनीत म्हणाला.

"पालखी असती तर तुका कोणी इचारलाच नसता."

विनीत म्हणाला, हेडफोन तीन आहेत, दोघं एकदम घालूया. दाजी म्हणाले, ठीक, पण तिन्हींतला पहिला हेडफोन कुठला? काळा आधी काढला होता, पण निळा दाजींच्या बाजूला होता. सावित्रीबाईंनी, म्हणजे दत्तारामांच्या पत्नीने, चहाचे कप आणले ते थंड झाले आणि त्यांनी ते पुन्हा गरम करून आणले, तोवर घोडं तिथेच पेंड खात होतं. अखेर राखाडी सगळ्यात मोठा म्हणून तोच पहिला ठरला आणि तो दाजींच्या डोक्यावर चढला.

आता ऐकवायचं काय? दत्तारामांच्या मोबाईलमध्ये एकच ऐकण्याजोगी वस्तू होती, ती म्हणजे वाडीच्या भजन मंडळाची गेल्या वर्षीची डबलबारी. दोन मंडळं समोरासमोर बसून भजनाचा सामना करतात, त्यात शेजारच्या गावाने यांना हरवलं होतं आणि दाजींच्या मते त्याला लाऊडस्पीकरवाला जबाबदार होता. दत्तारामांनी ती लावली. दाजी डोळे मिटून ऐकू लागले. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्येच्यात खोट आसा," ते हेडफोन काढून म्हणाले. "झांज मागसून वाजता."

विनीतने तो कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेडफोन बरोबर आसा. झांज तुमची आसा, दाजीनु."

दाजींनी मग निळा घातला. निळ्यात गाणं, पेटी, पखवाज सगळं एकात एक मिसळून ताकात पीठ कालवल्यासारखं ऐकू येत होतं आणि झांज कुठे आहे ते समजतच नव्हतं. "ह्यो हेडफोन," दाजी प्रसन्न होऊन म्हणाले, "ह्यो खरो हेडफोन." दाजींच्या बाजूच्यांनी निळ्याला उचलून धरलं, परबांच्या बाजूच्यांनी राखाडीला. काळ्याच्या बाजूला कुणीच नव्हतं म्हणून दत्तारामांना त्याची दया आली आणि त्यांनी तो स्वतः घातला. त्याने कानशिलं अशी आवळली की त्यांना आपला शाळेतला गणिताचा तास आठवला.

मग आरामाची परीक्षा. शेजारच्या नर्मदाकाकींनी राखाडी घातला तर तो अंबाड्यावरच्या अबोलीच्या वेणीवर अडला; वेणी काढून घातला तर कानातली कुडी रुतली. म्हणून त्या म्हणाल्या, हेडफोन वाईट. एकीला तो गरम लागला, कारण मे महिना होता आणि कानांवर उशा बांधून बसल्यासारखं होत होतं. एकीला तोच इतका मऊ वाटला की ती बसल्या जागी पेंगली. निळा एकाला सैल, दुसऱ्याला घट्ट. दत्ताराम सगळ्यांचं ऐकत गेले आणि जसजसं ऐकत गेले तसतसं त्यांना कमीकमी कळत गेलं. सरकारी नोकरीत निदान शेवटी साहेबाची सही झाली की मत ठरायचं. इथे साहेबच नव्हता.

"ह्या बारीक भोक कित्याक?" विनीतने राखाडीच्या कडेला बोट लावून विचारलं. स्वतःला कळतं असं समजणाऱ्या माणसाने खरं तर असं विचारू नये.

"कानाक वारो लागाक," दत्ताराम ठामपणे म्हणाले. सगळ्यांना ते पटलं.

निकाल शेवटी त्यांनी स्वतःच्या तर्काने लावला. मॅडमना शांतता हवी आहे. म्हणजे बाहेरचा आवाज आत येता कामा नये. म्हणजे जो हेडफोन घातल्यावर काहीच ऐकू येत नाही तो उत्तम. त्यांनी राखाडी घातला, भजन लावलं, आणि विनीतने मागे उभं राहून पितळी परात पळीने बडवली. दत्तारामांना परातीचा फक्त भास झाला. सावित्रीबाईंनी जेवायला हाका मारल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत. "तुमका तसाय आयकाक येणा नाय," त्या म्हणाल्या, पण तेही त्यांना ऐकू गेलं नाही. राखाडी पास झाला.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन घेऊन ते गुलजारकडे गेले. गुलजारने निळा हातात घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग काळा नाकाशी नेला. वाडीतल्या प्रत्येक डोक्याला सकाळ-संध्याकाळ खोबरेल लागतं, आणि कान झाकणाऱ्या त्या गाद्यांनी ते मनापासून पिऊन घेतलं होतं.

"भाऊनु," गुलजार दुःखाने म्हणाला, "ह्ये मी आता दुसऱ्याक कसे दाखवू?"

दत्तारामांनी खिशातून पाकीट काढलं. ज्या माणसाने तीस वर्षांत सरकारी टाचणीवर डाग पडू दिला नाही, त्याच्या मालाचा कुणी वास घ्यावा, हे त्यांना फार लागलं. तिन्ही हेडफोन त्यांनी ठेवून घेतले आणि मान ताठ ठेवून दुकानाच्या पायऱ्या उतरले.

तेवढ्यावर थांबले असते तर ते हेडक्लार्क कसले? कंपनीला नुसता हेडफोन दाखवून काय उपयोग, सोबत कागद हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. कुणी मागितला नसताना ते ग्रामपंचायतीत शांततेचा दाखला मागायला गेले.

"असा दाखला आमच्याकडे नाही," ग्रामसेवक म्हणाले. "फार तर आपल्या परिसरात आवाजाबाबत तक्रार प्रलंबित नाही, एवढं लिहून देता येईल."

"तेवढं पुरे."

ग्रामसेवकांनी फाईल चाळली. "पण एक तक्रार प्रलंबित आहे. श्रीमती नर्मदा यांचा कोंबडा अवेळी आरवतो म्हणून. तक्रारदार..." ते थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तक्रारदार आपणच आहात."

तक्रार मागे घेता येईल, पण कोंबड्याच्या मालकिणीशी समेट झाल्याचं तिनेही सांगायला हवं, असा नियम निघाला. हा नियम खरा की ग्रामसेवकांनी तिथल्या तिथे केला, हे दत्तारामांना समजेना. आपण खुर्चीत होतो तेव्हा आपणही असे नियम करत असू की काय, असा एक नकोसा विचार त्यांना शिवून गेला. ते नर्मदाकाकींकडे गेले आणि कोंबड्याचा आवाज मुळात गोड आहे, असं त्यांना कोंबड्यादेखत म्हणावं लागलं. काकींनी समेट मान्य केला, पण एका अटीवर. सोमवारी अक्षया कामाला बसेल तेव्हा ते बघायला आपल्याला बोलवायचं. काकी येणार म्हटल्यावर दाजी येणार, दाजी येणार म्हटल्यावर परब येणार, हे ओघाने आलंच. दाखला मात्र दत्तारामांच्या हातात पडला.

रविवारी अक्षया आली. आंघोळ करून तिने तिन्ही हेडफोन एकेकदा कानाला लावले, नाक मुरडलं, रुमालाने राखाडीच्या गाद्या पुसल्या आणि म्हणाली, "ह्यो बरो आसा."

"कशावरून?" दत्तारामांनी विचारलं.

"कानात बसलो, बाबा." बस, एवढंच. वाडीला जे संध्याकाळभर जमलं नाही ते पोरीने उभ्या उभ्या केलं, आणि वर चहा मागितला. आपला निकाल बरोबर निघाला याचा आनंद मानावा की निकालाची गरजच नव्हती याचं वाईट वाटून घ्यावं, हे दत्तारामांना ठरवता येईना.

सोमवारी अक्षया माडीवर हेडफोन लावून बसली आणि मॅडमशी बोलणं सुरू झालं. खाली खळ्यात वाडी जमलेलीच होती. दत्ताराम पाऊल न वाजवता वर गेले, दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अक्षया." ती वळली नाही. "गो अक्षया." नाही. त्यांनी टाळी वाजवली. पोरगी आपली पडद्याकडे बघून हसत बोलतेय. दत्तारामांचा ऊर भरून आला. ते खिडकीशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, "काय एक आयकाक येणा नाय तिका. आता ढोल बडवल्यात तरी चालात."

दाजी नारळ घेऊनच आले होते. चांगल्या कामाची सुरुवात देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय करायची, हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. खिडकीखाली तुळशीपुढे उभे राहून त्यांनी शिमग्याला लावतात तो आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या आमच्या लेकरान जो काय कानार टोप चढवलो हा, तेका यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी एका दमात म्हणाली.

"तिच्या पुण्याच्या साहेबीणीच्या मनात जो काय वाकडो इचार आसात, तो दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या झांजेक जो कोण नावा ठेवता, तेका सुबुद्धी दी म्हाराजा."

इथे परबांच्या बाजूने कुणी व्हय म्हणेना, म्हणून दाजींनी ते पुन्हा एकदा म्हटलं. त्याच वेळी डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्यालाही कंठ फुटला. वर दत्तारामांनी कान देऊन ऐकलं तर अक्षया सांगत होती, "काही नाही मॅडम, इथे अगदी शांत आहे. आमचा गावच मुळात शांत आहे." दत्ताराम कृतार्थ झाले.

गाऱ्हाणं झाल्यावर वाडी मानाप्रमाणे एकेक करून जिना चढली आणि दारातून अक्षयाला बघून गेली. दत्ताराम दारातच उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "ह्या बघा, माझा चेडू कामाक बसला हा. पुण्याचा काम घराक बसान करता. आता खंय जाणा नाय ता." सावित्रीबाईंनी खालून एकदाच "तुमी वाईच गप रवा" म्हटलं, पण गप राहायचं कारण दत्तारामांना दिसत नव्हतं. पोरीला ऐकूच जात नव्हतं ना?

तासाने अक्षया खाली आली. तिचा चेहरा पाहून सावित्रीबाई पुढे आल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मॅडमनी सगळा आयकला."

"कसा आयकतली? तुका आयकाक येणा नव्हता."

"माका नाय येणा. तेंका येता." तिने हेडफोनच्या कडेच्या त्या बारीक भोकावर बोट ठेवलं. "हंयसून माझो आवाज जाता. आणि माझ्याबरोबर तुमचो सगळ्यांचो."

विनीत एकदम आपल्या चपला शोधू लागला. दाजींनी सावकाश विचारलं, "म्हणजे माझा गाऱ्हाणा पुण्याक गेला?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पाहून दत्तारामांना त्यांना नारळ फेकून मारावासा वाटला.

अक्षया ओट्यावर बसली. बुधवारची गाडी बघायला हवी, म्हणाली. रडली नाही, रागावलीही नाही. ती रागावली असती तर दत्तारामांना बरं वाटलं असतं. आपल्या हाताने आपण पोर पुन्हा गाडीत बसवली, हे त्यांना दिसत होतं आणि नेमकी कुठे चूक झाली ते अजूनही नीट समजत नव्हतं. शांत हेडफोनच तर आणला होता. त्यांनी खिशातून पंचायतीचा दाखला काढला, तिच्यापुढे हात केला आणि म्हणाले, "मॅडमक फोन लाव."

"बाबा, नुको."

"लाव गो."

फोन लागला. दत्ताराम उभे राहिले. ऑफिसात वरिष्ठांशी बोलताना ते नेहमीच उभे राहायचे. "नमस्कार. मी अक्षयाचे वडील बोलतोय. आमच्या परिसरात आवाजाबाबत एकही तक्रार प्रलंबित नाही, असा ग्रामपंचायतीचा दाखला माझ्याजवळ आहे."

मॅडम म्हणाल्या, "कोंबड्याचं काही नाही हो, तो सहन होतो. ती प्रार्थना पण रोज नसेल ना?"

"नाही, नाही. ती फक्त शुभारंभाला."

"मग राहता राहिले ते एक गृहस्थ. अगदी जवळून, पूर्ण तासभर बोलत होते. माझी मुलगी कामाला बसली आहे, असं काहीतरी. अक्षयाचं बोलणं छान आहे, मला तिला ठेवायचंय. पण त्या गृहस्थांचं काही करता येईल का? कोण आहेत ते?"

सावित्रीबाई, अक्षया, दाजी, नर्मदाकाकी, सगळे दत्तारामांकडे बघत होते. दत्तारामांनी दाखल्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"ते होय," ते म्हणाले. "ते बाहेरचे आहेत."

"मग कामाच्या वेळेत ते घरात येणार नाहीत, एवढं बघाल? मग माझी हरकत नाही."

"बघतो," दत्ताराम म्हणाले. "ते माझ्यावर सोडा."

मंगळवारी सकाळी अक्षया माडीवर बसायच्या आधी दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. सावित्रीबाईंनी डबा भरून दिला. अक्षया जिन्यावरून म्हणाली, "बाबा, तू हंयच बस, गप रवलंस तरी चालात." दत्तारामांनी क्षणभर विचार केला. आपल्याला गप राहता येईल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारला आणि ते एसटी पकडायला निघाले.

मालवणला उतरून ते बंदरावर गेले, होड्या बघितल्या, मासळीबाजारात सुरमईचा भाव ऐकून परतले, आणि ऊन चढलं तसे गुलजारच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. गुलजारने आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. अजून काही परत करायला आणलंय की काय, अशी त्याला भीती वाटली. हातात डबाच होता.

"काय भाऊनु, आज डबो घेवन? परत नोकरी धरल्यात की काय?"

"नाय रे," दत्ताराम म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवणं त्यांना जमलं नाही. "माझा चेडू घराक आसा. म्हणान मी बाहेर."

गुलजारला काही समजलं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून त्याने काउंटरमागचं स्टूल बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि पंख्याखाली ठेवलं.